१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येच्या पोटात काय काय आहे

प्रश्न असा आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मूळ आहे की संयुक्त? तिचे विभाजक किती? तिला ‘डेम्लो’ का म्हणतात? एक वाढवत नेले तर हा चढता-उतरता जिना असाच वाढत जातो का? आणि एक्सेलमध्ये टाकली की शेवटचे अंक का बदलतात?

एक्सेलचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो. बाकीची सगळी उत्तरं या दोन ओळींतून निघतात:

१२३४५६७८९८७६५४३२१ = १११११११११ × १११११११११
१२३४५६७८९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ × १२३४५६७९

पहिली ओळ बहुतेकांना पाठ असते. खरी कामाची आहे ती दुसरी, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ती तोंडीही पडताळता येते. ९९९९९९९९९ने गुणणं म्हणजे पुढे नऊ शून्यं लावून मूळची संख्या एकदा वजा करणं. १२३४५६७९०००००००००मधून १२३४५६७९ वजा करा, १२३४५६७८९८७६५४३२१ येतात. १२३४५६७९मध्ये ८ नाही, हे टंकलेखनाची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका. तो ८ कुठे गेला ते पुढे कळेलच.

आधी आकाराचा अंदाज. संख्या १७ अंकी आहे. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. व्यवहारात वाचायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. ‘लीलावती’तली जुनी नावं घेतली तर डावीकडून एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, आणि मग नऊ अर्बुद, आठ कोटी असं खाली उतरत यायचं. परार्ध म्हणजे १८ अंक. आपली संख्या त्याच्या एक घर अलीकडे थांबते.

आता जिना कसा बनतो ते बघू. १११११११११ला १११११११११ने कागदावर गुणा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच १ आहे, त्याच्या डावीकडच्यात दोन, मग तीन. मधल्या म्हणजे नवव्या स्तंभात नऊ एक येतात, आणि तिथून पुन्हा एकेक कमी होत जातो. एकाही स्तंभाची बेरीज ९च्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही आणि स्तंभातले एक मोजले की तोच अंक. ओळी नऊ, प्रत्येकीत नऊ एक, म्हणून अंकांची बेरीज बरोबर ८१.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० येतात. तिथे ० राहतो, हातचा १. शेजारच्या स्तंभात ९ अधिक १, पुन्हा १०, पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या शेजारी ८ अधिक १ म्हणजे ९, इथे हातचा थांबतो. म्हणून

११११११११११² = १२३४५६७९००९८७६५४३२१

जिना मोडला. ‘हा नमुना अनंतापर्यंत चालतो’ असं फॉरवर्ड झालेल्या मजकुरात असतं ते चूक आहे. दशमान पद्धतीत तो नऊ एकांपर्यंतच चालतो. अंकांची बेरीज बघितली तरी हे लक्षात येतं: हातचा आला नसता तर बेरीज १० × १० म्हणजे १०० झाली असती. प्रत्येक हातच्याला बेरीज ९ने उतरते (एका घरातून १० जातात, शेजारी १ येतो). हातचे दोन, म्हणून १०० − १८ = ८२. वरचे अंक मिळवून बघा, ८२च येतात. पाया बदलला तर मर्यादाही बदलते. आठच्या पायात सात एकांपर्यंत, सोळाच्या पायात पंधरापर्यंत.

आता ‘डेम्लो’. हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं. जन्म १९०५, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं. या संख्यांचा विचार तिथे सुरू झाला म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं. त्यांची व्याख्या ‘एकांचा वर्ग’ एवढी अरुंद नव्हती. संख्येचे तीन भाग पाडायचे, डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक, हवा तितक्या वेळा. डावा आणि उजवा भाग मिळवले की त्याच अंकाची रांग यायला हवी. उदाहरणार्थ २५५३: डावीकडे २, उजवीकडे ३, बेरीज ५, आणि मध्ये ५५. आपल्या संख्येत डावा भाग १२३४५६७८, मध्ये ९, उजवा भाग ८७६५४३२१.

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आठही घरांत ९. १, १२१, १२३२१ … ही एकांच्या वर्गांची माळ त्यांनी ‘वंडरफुल डेम्लो’ म्हणून वेगळी काढली होती, आणि आपली संख्या त्या माळेतली नववी.

अशी संख्या डोळ्यांत भरण्याची गोष्ट कापरेकरांच्याही फार आधीची. ९व्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’मध्ये २७९९४६८१ × ४४१ हा गुणाकार दिला आहे. उत्तर १२३४५६५४३२१, म्हणजे एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या. गुणाकार आडवळणाचा वाटतो, पण ४४१ = २१², २७९९४६८१ = ५२९१² आणि २१ × ५२९१ = १,११,१११, म्हणजे सहा एक. एकांच्या रांगा लिहिताना एखादा एक कमी-जास्त पडतो. स्वल्पविराम देऊन लिहा किंवा तीन-तीनचे गट पाडा. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

आता अवयव. सरळ भागत सुटण्याआधी गट पाडून बघायचे, त्याने निम्मं काम होतं. ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे उजवीकडून तीन-तीनचे गट पाडून बेरीज केली की २७ आणि ३७ या दोघांची कसोटी एकदम होते:

१२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, आणि २ + ९९७ = ९९९

म्हणजे २७नेही भाग जातो आणि ३७नेही. हेच गट आळीपाळीने अधिक-वजा केले की ७, ११ आणि १३ यांची कसोटी होते, कारण १००१ = ७ × ११ × १३:

३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९

३०९ला ७ने भागल्यावर बाकी १, ११ने भागल्यावर १, १३ने भागल्यावर १०. तिघांनीही भाग जात नाही. नऊ-नऊचे दोन गट केले तर आणखी मजा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. म्हणजे ९९९९९९९९९नेच भाग जातो, आणि वरची दुसरी फोड पुन्हा हाती येते.

इथे एक ठेच लागते. अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ने भाग जातो, असं म्हणायची घाई होते. उत्तर बरोबर येतं, पण कारण चूक. अंकांच्या बेरजेची कसोटी फक्त ३ आणि ९साठी आहे. १८९९ घ्या: अंकांची बेरीज २७, पण २७ने भागल्यावर बाकी ९ उरते. आपल्या संख्येला ८१ने भाग जातो तो १११११११११ला ९ने जातो म्हणून, कारण ९चा वर्ग ८१. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ संख्या म्हणतात. हे नावही कापरेकरांचंच.

पूर्ण अवयव पाडायचे तर मोठ्या संख्येला हातच लावायचा नाही, तिच्या वर्गमुळाला लावायचा. १११११११११ ÷ ९ = १२३४५६७९. त्याला ३७ने भागलं की ३३३६६७. म्हणून

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७
१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

आता ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे दाखवलं पाहिजे. तिचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये पडतं, म्हणजे ५७७पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, असा सरधोपट मार्ग. तो शंभरावर भागाकारांचा आहे. ते १७वर आणता येतात, असे: १००१००१ = ३ × ३३३६६७, आणि १००१००१ला ९९९ने गुणलं की ९९९९९९९९९. समजा एखाद्या मूळ संख्येने ३३३६६७ला भाग जातो. मग तिने ९९९९९९९९९लाही जातो. म्हणजे त्या संख्येने १, १०, १००, १००० … यांना भागत गेलं की बाकी जास्तीत जास्त ९ पावलांत पुन्हा १वर येते, आणि पहिल्यांदा १ येते ती पहिल्या, तिसऱ्या किंवा नवव्या पावलावर. पहिल्या पावलावर आली तर ती संख्या ३. पण ३३३६६७च्या अंकांची बेरीज २८, तेव्हा ३ बाद. तिसऱ्या पावलावर आली तर तिने ९९९ला भाग जातो, म्हणजे ती ३७. पण ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, तेव्हा ३७ही बाद. उरलं नववं पाऊल. त्या वेळी फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ९ने भाग जायलाच हवा. ती विषम आहे, म्हणून १८नेही. म्हणजे १८ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. ५७७पर्यंत त्या एवढ्याच आहेत:

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७

एकीनेही भाग जात नाही. १९शी बाकी ८, १६३शी ६ (१६३ × २०४७ = ३३३६६१). ५२३ तर अगदी जवळून चुकते, ५२३ × ६३८ = ३३३६७४, सात जास्त. शेवटच्या ५७७शी बाकी १६१. हातानेच करायचे असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. तेव्हा ३३३६६७ मूळ.

अवयव हाती आले की विभाजक मोजायला काहीच लागत नाही. घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवून गुणा: ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली, पूर्ण वर्गाची ती खूणच आहे. ३ आणि ३७ यांच्यापासून बनणारे १५ विभाजक असे: १, ३, ९, २७, ८१, ३७, १११, ३३३, ९९९, २९९७, १३६९, ४१०७, १२३२१, ३६९६३, ११०८८९. हेच १५ एकदा ३३३६६७ने आणि एकदा ३३३६६७²ने, म्हणजे १११३३३६६६८८९ने गुणले की उरलेले ३० मिळतात. यादीत १२३२१ आहे हे बघितलंत का? छोटी डेम्लो मोठीच्या पोटात बसली आहे. १२३४५६७८९८७६५४३२१ ÷ १२३२१ = १००२००३००२००१, म्हणजे १००१००१चा वर्ग. १२१ किंवा १२३४३२१ मात्र बसत नाहीत. एकांच्या रांगेने एकांच्या रांगेला भाग जायचा तर छोट्या रांगेची लांबी मोठीच्या लांबीला भागणारी हवी, आणि ९ला फक्त १, ३ आणि ९ भागतात.

सगळ्या विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. हे संख्येच्या सुमारे १.५३५ पट, दुपटीला पोचत नाही, म्हणून ती न्यून संख्या. तिच्याएवढ्या किंवा लहान असलेल्या आणि तिच्याशी १शिवाय सामाईक अवयव नसलेल्या संख्या ८००७९८३९९१९९२०१६.

वर्गांच्या बेरजेचा भाग मला या संख्येत सगळ्यात देखणा वाटतो. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? नियम असा की ४ने भागल्यावर बाकी ३ उरणारे मूळ अवयव सम घातातच असले पाहिजेत. ३ चौथ्या घातात आहे, ३३३६६७ दुसऱ्या घातात, आणि दोघांचीही ४शी बाकी ३. तेव्हा चालतं. पण हे दोघे फुटत नाहीत, आहेत तसे बाहेर येतात: ९ × ३३३६६७ = ३००३००३. फुटतो तो ३७. ३७² = ३५² + १२². दोन्ही बाजू ३००३००३ने गुणा:

१०५१०५१०५² + ३६०३६०३६² = १११११११११²

हा पायथागोरसचा काटकोन त्रिकोण: बाजू ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५, कर्ण १११११११११. कर्ण १११११११११ असलेला पूर्णांकी त्रिकोण एवढा एकच, कारण ४शी बाकी १ उरणारा अवयव एकटा ३७ आणि १११११११११मध्ये तो एकदाच आहे. तीच लांबी कर्णाऐवजी लहान-मोठी बाजू म्हणून घेतली तर चित्र पालटतं. तेव्हा संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहायची असते, आणि ४५ विभाजकांतला मधला सोडला की २२ जोड्या उरतात. प्रत्येक जोडीमागे एक त्रिकोण, एकूण २२. पहिल्याच जोडीतून (१ आणि खुद्द संख्या) निघणाऱ्या बाजू ६१७२८३९४९३८२७१६० आणि ६१७२८३९४९३८२७१६१, फरक फक्त एकाचा.

आता एक्सेल. एक्सेल आकड्याचे १५च अर्थपूर्ण अंक ठेवतं. १७ अंकी संख्या टाकली की पुढचे दोन शून्य होतात आणि १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. नंतर सेलचं फॉरमॅट बदलून काही परत येत नाही. गेलेले अंक गेलेच. टाकण्याआधी कॉलम ‘टेक्स्ट’ करायचा किंवा आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकायचं. १६ अंकी कार्ड नंबरांच्या याद्या बिघडतात त्या याच कारणाने. टेक्स्ट केल्यावर त्यावर गणित होणार नाही, हे मात्र धरून चाला.

जावास्क्रिप्टमध्ये बिघाड जास्त फसवा आहे. तिथला साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१पर्यंतच भरवशाचा. आपली संख्या त्याच्या पुढे पण दुपटीच्या आत आहे. त्या पट्ट्यात फक्त सम पूर्णांक साठवता येतात, म्हणून …३२१चं …३२० होतं. एकाच अंकाचा फरक, नजरेला दिसत नाही, आणि मग ‘९ने भाग जात नाही, संख्या सम आहे’ अशी भलतीच उत्तरं निघतात. बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांसाठीचा प्रकार वापरा. सर्व्हरकडून येत असेल तर आकडा म्हणून न पाठवता अक्षरमाला म्हणून पाठवा.

पायथॉन पूर्णांक अचूक ठेवतं, पण तिथेही नेहमीचं दशांशी वर्गमूळ घेतलंत की गोत्यात. …३२०, …३२१ आणि …३२२ या तिन्हींचं वर्गमूळ ते १११११११११.० असंच देतं, कारण खरा फरक साडेचार अब्जांशांच्या आसपास आणि त्या आकाराला दशांशी आकड्यांमधलं अंतर सुमारे १५ अब्जांशांचं. नुसतं ‘वर्गमूळ पूर्णांक आहे का’ विचारलंत तर तीन लागोपाठच्या संख्या पूर्ण वर्ग ठरतील. ३.८ आवृत्तीपासून मॅथ मोड्यूलमध्ये पूर्णांकी वर्गमुळाचं वेगळं फंक्शन आहे, ते घ्या, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करून मूळ संख्येशी ताडून बघा. सी किंवा जावामध्ये ६४ बिटांत संख्या मावते (तिला ५४ बिट लागतात), पण अशा दोन संख्यांचा गुणाकार मावत नाही, आणि तो न ओरडता चुकतो. मूळपणाची चाचणी लिहिताना हे हमखास होतं.

राहिला तो हरवलेला ८, आणि दहा एकांच्या मोडलेल्या जिन्याचं एक देणं. आधी जिना. १२३४५६७९००९८७६५४३२१चे उजवीकडून दहा अंक तोडा: १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज करा: ११११११११११. जिचा वर्ग केला ती संख्याच परत आली. म्हणजे डेम्लोचा जिना जिथे मोडतो, तिथे दहा एकांची रांग ‘कापरेकर संख्या’ ठरते, ४५ (४५² = २०२५, २० + २५ = ४५) किंवा ५५ यांच्या जातीची. कारण साधं आहे: दहा एकांना ९ने भागल्यावर बाकी १ उरते. नऊ एकांना बाकी ० उरते, म्हणून त्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले तर ९९९९९९९९९ येतात.

८चं असं. दुसऱ्या फोडीवरून १२३४५६७९ ÷ ९९९९९९९९९ = १ ÷ ८१, म्हणून

१ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…

हा ०.१११…चा वर्ग आहे. स्तंभ १, २, ३ असे वाढत जातात. दहाव्यावर हातचा येतो, तो ९ला १० करतो, तो हातचा ८ला ९ करतो. ८ हरवलेला नाही, ९ होऊन बसला आहे.

हाच खेळ मोठ्या संख्येच्या व्यस्तात नऊ-नऊ अंकांच्या घरांत चालतो. १ भागिले १२३४५६७८९८७६५४३२१ केलंत तर दशांशचिन्हानंतर, नऊ-नऊचे गट पाडून, हे येतं:

००००००००० ०००००००८१ ००००००१६२ ००००००२४३ ००००००३२४ …

गटांची मूल्यं: ०, ८१, १६२, २४३, ३२४. हा ८१चा पाढा आहे. कारण १ ÷ १११११११११² = ८१ ÷ ९९९९९९९९९², आणि नऊ नव्वांच्या वर्गाने भागणं म्हणजे नऊ-नऊ घरांवर १, २, ३, ४ मांडत जाणं. पाढा ९९९९९९८३७पर्यंत शिस्तीत येतो. त्यानंतर ९९९९९९९१८ यायला हवं. पण त्यापुढचं ९९९९९९९९९, आणि त्याच्याही पुढचं १०००००००८०, नऊ घरांत न मावणारं. तिथला हातचा ९९९९९९९९९ला शून्य करतो, आणि त्याचा हातचा ९९९९९९९१८वर चढून ९९९९९९९१९ करतो. त्यानंतर पुन्हा ०, ८१, १६२. एका आवर्तनात असे १२३४५६७९ गट, प्रत्येकात नऊ अंक. आवर्तनाची लांबी १११११११११ अंक, म्हणजे संख्येचं वर्गमूळच. एका अंकाला एक बाइट धरून ते आवर्तन फाईलमध्ये उतरवलं तर ती १११ एमबीची होते, आणि तिचे शेवटचे तीन अंक ९१९.